एकाच घरातलं दुसरं लायसन्स

डोरीन कॉकवेल मॅडिसनांच्या घरी आली ती वरच्या मजल्यावरची मागची खोली भाड्यानं घेऊन. तेव्हा तिनं तिशी ओलांडली होती, लग्न झालं नव्हतं, आणि इंग्लंडमधल्या ग्रिम्सबीच्या बंदरावर हॅडॉक माशाचे काटे काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. सुरी एकदा मानेपाशी लावली की शेपटीपर्यंत थांबायची नाही. हाताला मात्र माशाचा वास कायमचा बसलेला. म्हणून नाचायला गेली तरी ती हातमोजे घालूनच जायची, आणि म्हणूनच आपलं लग्न राहिलं असं स्वतःच हसत सांगायची.

अर्नॉल्ड मॅडिसन मासेमारीच्या बोटीवर कप्तानाच्या हाताखालचा माणूस. एकदा बोट आइसलंडकडे निघाली की तीन तीन आठवडे घराचं तोंड दिसायचं नाही. त्याची बायको नेल दुसऱ्या बाळंतपणात मूल गेल्यापासून खचत गेली होती. आधी बोलणं कमी झालं, मग खाणं, मग एके दिवशी ती नुसत्या झग्यावर बंदराच्या धक्क्यावर जाऊन बसली, तिला उचलून आणावं लागलं. डॉक्टरांनी तिला लिंकन शहराच्या वाटेवरच्या मनोरुग्णांच्या मोठ्या इस्पितळात ठेवलं, ती तिथलीच झाली. घरी उरली नऊ वर्षांची शीला. बाप समुद्रावर असताना घरात कुणीतरी मोठं माणूस हवं, म्हणून अर्नॉल्डनं खिडकीत पाटी लावली आणि पाटी बघून डोरीन आली.

भाडं ती दर शुक्रवारी शेगडीवरच्या फळीवर, घड्याळाखाली ठेवायची. पण शीलाच्या वेण्या घालायचं, तिच्या गोवरात रात्ररात्र जागायचं, शाळेच्या समारंभाला जाऊन मागच्या बाकावर बसायचं, हे काही भाड्याच्या बोलीत नव्हतं. ते होत गेलं. शीला तिला ‘मावशी’ म्हणायला लागली, तेही कुणी शिकवलं नव्हतं.

एका हिवाळ्यात वादळात बंदरातली एक बोट बुडाली आणि अर्नॉल्डच्या बोटीचाही पत्ता लागेना. डोरीन कामावर जायची, मासे कापायची, घरी येऊन शीलाला म्हणायची, “बाबा येतोय गं, उशीर होतोय इतकंच.” चौथ्या दिवशी दुपारी अर्नॉल्ड पोतं खांद्यावर टाकून मागच्या दारानं आत आला. डोरीननं हातातलं भांडी पुसायचं ओलं फडकं त्याच्या तोंडावर फाडकन मारलं, आणि मग त्याच फडक्यात तोंड खुपसून रडली. त्यानंतर ती दोघं नुसती घरमालक आणि भाडेकरू राहिली नाहीत.

पण नेल जिवंत होती.

“आजारी बायकोला टाकायचं, डोरीन? एवढं मला जमणार नाही,” अर्नॉल्ड एकदाच म्हणाला होता.

“मी कधी म्हटलं टाक म्हणून?” ती म्हणाली. विषय तिथंच मिटला. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघं बसनं इस्पितळात जायची. अर्नॉल्ड खुर्चीवर टोपी फिरवत बसायचा; त्याला काय बोलावं सुचायचं नाही. डोरीन नेलची नखं कापायची, केस विंचरायची. नेलला कधी तिचं नाव आठवायचं नाही. “वरच्या खोलीतली मुलगी आली,” असं ती नर्सला सांगायची, आणि डोरीन म्हणायची, “हो, आलेय. हात इकडे द्या बघू.”

तेव्हा त्यांनी झाकली मूठ झाकलीच ठेवली. डोरीनचे कपडे मागच्या खोलीतल्याच कपाटात राहिले. दुकानात, गल्लीत ती त्याला ‘मिस्टर मॅडिसन’ म्हणायची. शुक्रवारचं भाडंही चालू राहिलं. त्या पैशातून अर्नॉल्ड घरात कोळसा आणायचा, पण घड्याळाखाली ते ठेवायला ती कधी चुकली नाही. सगळ्यांत जास्त जपायचं होतं शीलाला. आई इस्पितळात आणि बापानं इकडे दुसरी बाई ठेवली, असं पोरीच्या मनात यायला नको. या एका गोष्टीवर दोघांचं न बोलता एकमत होतं.

वर्षं गेली. शीला लग्न होऊन शेजारच्या क्लीथॉर्प्सला राहायला गेली. तिचा लग्नाचा झगा डोरीननंच शिवला. मग आइसलंडनं आपलं पाणी परक्या बोटींना बंद केलं, बोटी भंगारात गेल्या, आणि अर्नॉल्ड पन्नाशी उलटल्यावर घरी बसला. ज्या माणसाला जमिनीवर आठवडाभर राहायची सवय नव्हती तो आता दिवसभर पुढच्या खोलीत टीव्हीसमोर बसायचा. घोड्यांच्या शर्यती, स्नूकर, बातम्या, पुन्हा स्नूकर. टीव्ही रंगीत होता, टीव्ही ठेवायला दरवर्षी जे सरकारी लायसन्स काढावं लागतं ते त्याच्या नावावर होतं आणि ते तो कधी चुकवत नसे.

डोरीन पहाटे कामाला जायची, दुपारी परतायची. पाय सुजलेले, बोटं आखडलेली. तिला तिची मालिका बघायची असायची आणि खाली टीव्हीवर हिरव्या टेबलावर चेंडू फिरत असायचे.

“अरे, हा माणूस गेला तासभर खडूच घासतोय काठीला,” ती म्हणायची.

“विचार करतोय तो.”

“मग त्याला म्हणावं, तुझ्या घरी जाऊन कर.”

शीलानं नवा टीव्ही घेतला तेव्हा जुना काळापांढरा संच ती गाडीत घालून घेऊन आली. “मावशी, तुझ्या खोलीत ठेव. बाबांची कटकट नको.” तिच्या नवऱ्यानं तो वर नेऊन दिला. लायसन्सचा विचार कुणाच्या मनातही आला नाही. घराला एक लायसन्स असतं, आणि ते घराला होतं.

गल्लीत लायसन्स तपासणारा माणूस आला की आधी पोरांना कळायचं. मग एकामागून एक पडदे सरकायचे, आवाज बंद व्हायचे, दारं वाजली तरी कुणी घरात नसायचं. त्या दिवशीही तसंच झालं. पण मॅडिसनांच्या घरात घाबरायचं कारण नव्हतं, म्हणून डोरीन वर पाय पसरून आपली मालिका बघत राहिली आणि अर्नॉल्डनं दार सताड उघडलं.

माणूस पोरगेलासा, सभ्य होता. कोट ओला झालेला. त्यानं अर्नॉल्डचं लायसन्स पाहिलं, आभार मानले आणि वळता वळता थांबला. पुढच्या खोलीत शर्यत चालली होती आणि वरून बायकांचं भांडण ऐकू येत होतं.

“वरही टीव्ही आहे का, साहेब?”

“आहे ना. लहानसा.”

“तो कोण बघतं?”

तेवढ्यात डोरीन जिन्यावर आली. “काय झालं?”

“आपण मिसेस मॅडिसन का?”

“नाही,” ती म्हणाली. वर्षानुवर्षं जिभेवर बसलेलं उत्तर होतं ते. “मी कॉकवेल. मागची खोली माझी.”

पोरगा अवघडला. त्यानं वही मिटून छातीशी धरली. “बाई, त्याचं असं आहे. कुटुंब एक असेल तर एका लायसन्सवर घरात कितीही टीव्ही चालतात. नवरा-बायको, मुलं, लग्न न करता नवरा-बायकोसारखी राहणारी माणसं, घरात राहणारी मोलकरीणसुद्धा. सगळी एक घर. पण स्वतंत्र खोली घेऊन राहणारा भाडेकरू असेल आणि त्याचा स्वतःचा टीव्ही असेल, तर त्याचं घर वेगळं धरतात. त्याला वेगळं लायसन्स लागतं.” तो अर्नॉल्डकडे वळला. “तेव्हा तुम्हीच सांगा, साहेब. ही बाई तुमच्या घरातली की भाडेकरू?”

त्यानं वाट करून दिली होती. डोरीनला ती दिसली. तिनं अर्नॉल्डकडे पाहिलं. शेजारी, कमरेएवढ्या भिंतीपलीकडे ह्यूसनबाई खिडकीची काच पुसत होती. काच केव्हाच लखलखीत झाली होती, तरी हात चालू होता.

अर्नॉल्डनं तिकडे बघितलं. घसा खाकरला.

“भाडेकरू,” तो म्हणाला.

पोरानं लिहून घेतलं, तिची सही घेतली, माफी मागितली आणि गेला. ह्यूसनबाईही आत गेली.

संध्याकाळी ताटात मासा आणि बटाटे पडले. अर्नॉल्ड बराच वेळ मिठाची बाटली झटकत बसला.

“ती भवानी कान लावून उभी होती,” तो म्हणाला. “उद्या सगळ्या बंदरभर झालं असतं. शीलाच्या सासरी गेलं असतं.”

“मी कुठं काय म्हणाले?”

“लायसन्सचे पैसे मी देतो.”

“माझ्या टीव्हीचं लायसन्स मी काढीन,” डोरीन म्हणाली. “भाडेकरू आहे ना मी.”

दुसऱ्याच दिवशी पोस्टात जाऊन तिनं ते काढलं. पण आधी विनालायसन्स टीव्ही बघितला तो बघितलाच. काही आठवड्यांनी कोर्टाचं समन्स आलं. सोबत एक छापील कागद होता: गुन्हा कबूल असेल तर सही करून टपालानं पाठवा, यायची गरज नाही.

“पाठवून दे आणि मोकळी हो,” अर्नॉल्ड म्हणाला.

“नाही. मी जाणार.”

“कशाला? कोर्टाची पायरी चढायची हौस आलीय?”

“आणि तूही ये,” ती म्हणाली.

का ते तिनं सांगितलं नाही, पण ते न कळण्याएवढा अर्नॉल्ड बावळट नव्हता. त्या सकाळी त्यानं मयताला घालायचा काळा सूट काढला, बुटांना पॉलिश केलं, आणि बसमध्ये सगळा वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. डोरीननं हातमोजे घातले होते.

कोर्टात त्या दिवशी अशा लायसन्सच्या पुष्कळ केसेस होत्या आणि बाकावर बहुतेक बायकाच होत्या. कडेवर पोर घेतलेल्या, कामावरून सुटी काढून आलेल्या. दिवसा दार उघडायला घरात बाईच असते, त्यामुळे नावही तिचंच लिहिलं जातं. एकेक नाव पुकारलं जाई, कबूल, दंड, पुढची.

डोरीनचं नाव आलं. मॅजिस्ट्रेटबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “लायसन्स तुम्ही लगेच काढलंय असं दिसतं. मग आज टपालानं कबुली न देता का आलात? काही सांगायचंय?”

“मला नक्की कळत नाही, बाई, की मी गुन्हा केलाय का,” डोरीन म्हणाली. “घरात लायसन्स होतं.”

“घरमालकाचं. तुम्ही त्यांच्या भाडेकरू आहात ना?”

“भाडं देते.”

“किती वर्षं?”

“एकोणीस.”

मॅजिस्ट्रेटबाईंनी लेखणी खाली ठेवली. त्या जरा सावकाश बोलल्या, जसं एखाद्या बहिऱ्या माणसाशी बोलावं. “मिस कॉकवेल, तुम्ही त्या कुटुंबाचा भाग म्हणून तिथं राहत असाल, तर तुमच्याकडून गुन्हा झालेला नाही. पण मग ते तुम्हाला इथं सांगावं लागेल. घरमालक आले आहेत का?”

“आलेत,” डोरीन म्हणाली आणि वळली.

मागच्या बाकावर अर्नॉल्ड बसला होता. गुडघ्यांवर टोपी. वर्तमानपत्राचा एक माणूस कोपऱ्यात लिहीत होता. अर्नॉल्डची मान खाली होती आणि ती वर आली नाही. एवढा धिप्पाड माणूस, दर्यावर लाटेच्या तोंडी उभा राहिलेला, पण त्याला त्या बाकावरून उठवेना. डोरीन बघत राहिली. कारकून खोकला तेव्हा ती पुन्हा समोर वळली.

“नाही, बाई,” ती म्हणाली. “मी भाडेकरूच आहे. गुन्हा कबूल आहे.”

दंड थोडका होता. बाहेर आल्यावर अर्नॉल्ड पैसे काढायला लागला तेव्हा ती म्हणाली, “खिशात ठेव. आणि माझ्याबरोबर बसमध्ये बसू नकोस.”

शुक्रवारच्या पेपरात कोर्टाच्या बातम्यांत दोन ओळी आल्या: भाडेकरू बाईला विनालायसन्स टीव्हीबद्दल दंड. खाली नाव आणि पत्ता. शनिवारी सकाळी शीला पेपर हातात घेऊनच आली. कोटही न काढता तिनं तो बापाच्या मांडीवर आपटला.

“हे काय आहे?”

“चूक झाली, पोरी. लायसन्स काढायचं राहिलं…”

“लायसन्स गेलं खड्ड्यात! टीव्ही मीच दिला होता, दंड मी भरला असता. हा शब्द कुणी दिला त्यांना? भाडेकरू?”

डोरीन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

“माझ्या शाळेत कोण यायचं? भाडेकरू? माझं पहिलं बाळंतपण झालं तेव्हा सहा आठवडे माझ्याकडे येऊन कोण राहिलं? आईची नखं कोण कापतं, बाबा? तुम्ही तर तिथं नुसती टोपी फिरवत बसता!”

“शीला,” डोरीन म्हणाली, “तुझ्यासाठीच केलं गं. तुला वाईट वाटेल म्हणून.”

शीला तिच्याकडे वळली, आणि तिचा राग एकदम ओसरला. “मावशी, मी तेरा वर्षांची असल्यापासून मला ठाऊक आहे. बाबांची बोट यायची त्या दिवशी तू शिट्टी वाजवायचीस. एरवी मी शिट्टी वाजवली की मला ओरडायचीस, वारा उठतो म्हणून. मला का कळत नव्हतं?” तिनं डोळे पुसले. “मला वाटायचं, तुम्हालाच मी विचारलेलं आवडणार नाही. म्हणून मी गप्प बसले.”

ज्या पोरीपासून लपवायचं म्हणून सारा जन्म मूग गिळून काढला, तिला सगळं ठाऊक होतं. डोरीनला वाटलं आपल्याला हसू येईल. तिला आलं ते भलतंच. ती खुर्चीत बसली आणि तिनं तोंड ओंजळीत झाकलं. अर्नॉल्ड उठून तिच्याकडे आला, खांद्यावर हात ठेवणार होता.

“नको,” ती म्हणाली. “आता नको, अर्नॉल्ड. आता कुणी बघत नाहीये म्हणून नको.”

महिन्याच्या आत तिनं नगरपालिकेच्या उंच इमारतीत एका खोलीचं घर मिळवलं. शीला म्हणत होती, माझ्याकडे चल. तिनं ऐकलं नाही. सामान असं नव्हतंच. एक पलंग, शिवणयंत्र, काळापांढरा टीव्ही. अर्नॉल्डनं ते जिन्यावरून खाली आणलं, गाडीत भरलं, आणि गाडी वळेपर्यंत उंबऱ्यात उभा राहिला. बोटीवर जाणाऱ्याला त्या गावात कुणी हात हलवून निरोप देत नाही, अपशकुन असतो. त्यानंही हात हलवला नाही.

काही दिवसांनी सुटीच्या भोंग्याला तो डोरीन काम करायची त्या मासळीच्या कारखान्याच्या फाटकाशी आला. पांढरे अंगरखे आणि रबरी बूट घातलेल्या बायका घोळक्यानं बाहेर पडत होत्या. त्यांना सगळं माहीत होतं. पेपर सगळ्यांनीच वाचला होता.

“कोण हवंय, अर्नॉल्ड? नवा भाडेकरू शोधतोयस काय?” एकजण ओरडली.

“खोलीत टीव्ही आहे का रे? का लायसन्स घेऊन यायचं?” दुसरी म्हणाली, आणि हशा पिकला.

अर्नॉल्डचे कान लाल झाले. तो मागे सरकला नाही. “डोरीनसाठी आलोय,” तो म्हणाला. “तिला न्यायला.”

“ती तुझी कोण?”

“माझी आहे ती,” तो म्हणाला. आवाज असा बसका होता की पुढच्या दोघीतिघींनाच ऐकू गेलं. पण त्या हसायच्या थांबल्या, आणि मागून येणाऱ्या डोरीनलाही ऐकू आलं.

ती त्याच्याबरोबर बसथांब्यापर्यंत चालली. तो घरी चल म्हणाला. ती म्हणाली, “रविवारी जेवायला ये. बटाटे सोलून आणशील तर बरं.”

असे रविवार सुरू झाले. महिन्याच्या पहिल्या रविवारी मात्र दोघं पूर्वीसारखीच इस्पितळात जायची. नेल आता फारशी कुणाला ओळखत नव्हती. ती गेली तेव्हा शीलानं डोरीनला अंत्ययात्रेच्या पुढच्या गाडीत, घरच्या माणसांत बसवलं. डोरीन “मी मागं बसते” म्हणत होती. शीलानं दंडाला धरून आत घातलं. नेलसाठी खरोखर रडलं असं त्या गाडीत कुणी असेल तर डोरीनच.

त्यानंतर वसंतात, जेवणं झाल्यावर, अर्नॉल्डनं मनुका घातलेल्या प्लम ब्रेडचा तुकडा ताटलीत ठेवला आणि विचारलं, “आता लग्न करू या का?”

डोरीन भांडी विसळत होती. बराच वेळ नळ चालू राहिला.

“आता तुला कुणाची भीती उरली नाही, म्हणून विचारतोस.”

“हो,” तो म्हणाला. खोटं बोलायचं त्याला सुचलं नाही. “मी भित्राच आहे, डोरीन.”

“मला ठाऊक आहे. तरी मी राहिले ना एवढी वर्षं.” तिनं नळ बंद केला. “पण त्या दिवशी कोर्टात मी तुझ्याकडे वळून बघितलं, ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तुझ्या घरात राहीन तर रोज बघीन. इथं दार माझं आहे. तू येतोस तेव्हा मला बरं वाटतं, आणि जातोस तेव्हाही थोडं बरं वाटतं. याला मी काय करू?”

तो वाद घालणारा नव्हता. त्यानं ब्रेड संपवला, कोट चढवला, “येतो,” म्हणाला. लिफ्ट बंद पडली होती, म्हणून जिन्यानंच गेला. डोरीन खिडकीशी आली. खाली वारा सुटला होता. तो बसथांब्याकडे वाकून चालला होता, डोक्यावर टोपी नव्हती, आणि वरून तो अगदीच म्हातारा दिसत होता. तो इतका म्हातारा झाल्याचं तिनं समोरासमोर कधी पाहिलं नव्हतं. तिनं खिडकीवर टकटक केलं. एवढ्या उंचीवरून त्याला काय ऐकू जाणार!

ती कोट घेऊन खाली उतरली तोवर त्याची बस गेली होती. ती थांब्यावर उभी राहिली. परत वर जावं असं दोनदा मनात आलं. पुढची बस आली तेव्हा ती चढली.

अर्नॉल्डनं दार उघडलं तेव्हा पुढच्या खोलीत टीव्ही चालू होता. “काय गं, काही विसरलीस?”

“नाही,” ती म्हणाली. “चहा टाक.”

लग्न तिनं केलं नाही. पण मग आठवड्यातल्या तीन-चार संध्याकाळी ती तिकडे जाऊन बसायला लागली आणि शेवटच्या बसनं आपल्या घरी परतायला लागली. अर्नॉल्ड तिला थांब्यापर्यंत सोडायला यायचा. पुढं गुडघे गेल्यावर नुसता फाटकापर्यंत यायचा आणि बस दिसेनाशी होईतो तिथं उभा राहायचा. शीला म्हणायची, “मावशी, या वयात हे काय येणं-जाणं? एक काय ते ठरव की.” डोरीन म्हणायची, “ठरलंय गं हेच.” पण बसमध्ये बसल्यावर ती मागे वळून बघायची, आणि कधीकधी पुढच्या थांब्यावर उतरून परत जावंसं तिला वाटायचं. ती उतरली नाही.